स्मृतीचे मोजमाप

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारली जाते, की ऐकणाऱ्या वृद्धाला काय वाटत असेल याचा विचार बोलणारा क्वचितच करतो. वास्तविक ही म्हण खोटी ठरविणारे उदाहरण आपल्या नाशिकच्याच मातीतले आहे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर. त्याच लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या पासष्टीच्या घरात होत्या.

परंतु म्हण खोटी ठरली म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे; तो वार्धक्यात अधिक आढळतो, तरी वार्धक्य म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे ७२,००० लोकांची पाहणी केली. तिला जोडून झालेल्या विशेष अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीपुढील शंभर भारतीयांपैकी सात-साडेसात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख वृद्धांना, हा आजार असावा. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये अधिक आढळले.

हे आकडे गोळा होतात ते कोणीतरी घरोघर जाऊन, वृद्धांसमोर बसून प्रश्न विचारतो म्हणून. गेल्या पावसाळ्यात असे प्रश्न विचारणाऱ्या दोन विद्यार्थिनी आमच्याही धर्मग्रामात आल्या. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या या मुलींच्या लघुप्रबंधाचा विषय होता वार्धक्य आणि बोधनक्षमता; म्हणजे लक्ष, स्मरण, भाषा, हिशेब, निर्णय या मनाच्या शक्ती. रविवारच्या मिस्सानंतर फादरांनी आम्हा ज्येष्ठ मंडळींना सभागृहात थांबण्याची विनंती केली. आरंभी आमच्यात चुळबुळ झाली. “ही परीक्षा आहे काय? नापास झालो तर सूनबाई काय म्हणेल?” असे एकाने विचारलेच. मुलींनी संमतिपत्र वाचून दाखविले: नाव गुप्त राहील, नको वाटल्यास मध्येच उठून जाता येईल, आणि ही आजाराची तपासणी नव्हे. मग आम्ही एकेक करून त्यांच्यासमोर बसलो. त्यातील दोघांचा अनुभव त्यांच्या अनुमतीने येथे देत आहोत.

एक होत्या आमच्यातील सर्वांत वडीलधाऱ्या आजी. उभे आयुष्य द्राक्षबागेत राबण्यात गेलेले. शाळा ठाऊक नाही. “आजी, शंभरातून सात वजा करा, मग पुन्हा सात,” असे मुलीने म्हणताच आजी हसल्या. “पोरी, शंभरातले सात मला काय इचारते? बागंतलं इचार की!” त्या मुलीचे कौतुक असे, की तिने लेखणी खाली ठेवली आणि खरोखरच बागेतले विचारले. आजींनी एप्रिलच्या खरडछाटणीपासून ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत आणि पुढे मण्यांच्या विरळणीपासून काढणीपर्यंतचा सारा क्रम एकही पायरी न चुकविता सांगितला. कागदावर मात्र त्यांना हिशेबाचा गुण नाही, वाचनाचा नाही, लेखनाचा नाही. जे त्यांना कधी मिळालेच नव्हते, ते हरवले म्हणून नोंदविले जाणार होते.

ही अडचण नवी नाही. स्मरणशक्तीची जी तीस गुणांची चाचणी जगभर वापरली जाते, ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात वाचणे, वाक्य लिहिणे, आकृती उतरविणे असे शाळेचे संस्कार गृहीत धरलेले आहेत. हरियाणातील बल्लभगढ येथील खेड्यांत काम करताना भारतीय आणि अमेरिकन संशोधकांना हे जाणवले, आणि त्यांनी तिचे हिंदी रूप घडविले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन वजा करावयाचे असतात. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे, आणि लिहिलेली आज्ञा वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याचे पाहून मिटावयाचे. प्रश्न सोपा केला असे नव्हे. तो माणसाच्या जीवनाच्या भाषेत विचारला. आमच्याकडे आलेल्या मुलींनीही मार्गदर्शकांशी बोलून पुढच्या खेपेस प्रश्नावली बदलून आणली.

दुसरे होते आमचे एक मित्र. नाशिकरोडच्या छापखान्यात आयुष्यभर त्यांनी चोख हिशेब ठेवला. त्यांनी सातांची वजाबाकी धडाधड केली, तारीख-वार सांगितला, सुवाच्य वाक्य लिहिले. गुण उत्तम पडले. आणि हेच गृहस्थ दोन वेळा बाजारातून घरी येताना वाट चुकले होते! हे मुलींना कळले कसे? प्रश्नावलीचा दुसरा भाग घरच्या माणसांसाठी होता. चिरंजीव म्हणाले, “बाबा अगदी ठणठणीत आहेत.” सूनबाई क्षणभर गप्प राहिल्या, मग हळू आवाजात म्हणाल्या, “बाबा आताशा तोच प्रश्न चार-चार वेळा विचारतात. गॅस चालू राहतो. मी कोणाला सांगितले नाही.”

सुशिक्षित माणसाचा मेंदू दुखणे पुष्कळ काळ झाकून ठेवू शकतो, याचा मोठा पुरावा धर्मभगिनींनीच जगाला दिला आहे. १९८६ साली अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकाने ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या संघाच्या भगिनींचा अभ्यास आरंभिला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ६७८ भगिनींनी दरवर्षी चाचण्या देण्याचे आणि मृत्यूनंतर मेंदू दान करण्याचे मान्य केले. एकाच प्रकारचे अन्न, निवास, दिनक्रम. त्यामुळे तुलना करणे सोपे. त्यांच्यापैकी अनेकींनी सुमारे बावीस वर्षांच्या वयात लिहिलेली आत्मवृत्ते मठाच्या दप्तरात जपलेली होती. ज्यांच्या लेखनात विचारांची दाटी अधिक, त्यांच्यात पुढे अल्झायमरचे प्रमाण कमी आढळले. एक भगिनी तर १०१ व्या वर्षी निवर्तल्या, तोवर चाचण्यांत उत्तम गुण मिळवीत राहिल्या. मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरच्या खुणा विपुल होत्या!

तेव्हा कमी गुण म्हणजे आजार नव्हे, आणि उत्तम गुण म्हणजे आरोग्याची हमी नव्हे. माणसाची खरी तुलना करावयाची ती त्याच्याच कालच्या रूपाशी, आणि ते कालचे रूप ठाऊक असते फक्त घराला. संशोधक कितीही विद्वान असो, घराने तोंड मिटले की त्याची प्रश्नावली अर्धी राहते. उपचारही तसाच खोळंबतो.

आमच्या मित्रांना त्यानंतर डॉक्टरांकडे नेले. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निघाली, ऐकूही कमी येत होते. दोन्हींवर उपाय झाले आणि थोडा फरक पडला. मूळ आजार राहिला. पण आता गॅसच्या बटणाकडे कोणीतरी पाहते, बाजारात सोबत कोणीतरी जाते, आणि सूनबाईंचे ओझे एकटीचे राहिलेले नाही. आजारांच्या तज्ज्ञांनी २०२४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा लांबविता येण्याजोगी चौदा कारणे नोंदविली. त्यांत अल्प शिक्षण, बहिरेपण, अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि एकाकीपणा ही आहेत. यांतील बहुतेकांवरचा उपाय एखाद्या कुटुंबाच्या किंवा धर्मग्रामाच्या आवाक्यात नाही काय?

वाचकहो, उद्या असे विद्यार्थी तुमच्या दाराशी आले, तर संमतिपत्र नीट वाचून घ्या, शंका विचारा आणि त्यांना घरात घ्या. आजी-आजोबांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. आणि त्यांच्यात काय बदल झाला हे विचारले, तर खरे सांगा. बेनसिराच्या ग्रंथातील तिसऱ्या अध्यायात, पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घ्यावे, त्याची अवहेलना करू नये, असा उपदेश आहे. तो पाळावयाचा, तर बुद्धी क्षीण होत आहे एवढे तरी घरात मोकळेपणाने बोलता आले पाहिजे.