आषाढातलं सूर्यघड्याळ

सूर्यघड्याळच का, हे काही केल्या उमगत नाही. साधी शिळा चालली असती. माणगावात आहे तसा पुतळाही चालला असता. पण इटलीतल्या मोंतोने गावानं २०२३ साली, दुसऱ्या महायुद्धात तिथे लढताना मेलेल्या नाईक यशवंत घाडगेच्या नावानं उभं केलं ते सूर्यघड्याळ. वर लॅटिनमध्ये बोधवाक्य आहे, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं.

वाक्य खरं आहे, म्हणूनच खटकतं. माणगाव तालुक्यातल्या त्याच्या पळसगावावरून निघालेली माध्यान्ह टायबरच्या खोऱ्यात, मोंतोनेला पोचायला सुमारे चार तास घेते. त्यातून तो गेला तो दिवस, १० जुलै, म्हणजे कोकणात भर आषाढ, लावणीचे दिवस. इरल्याखाली वाकलेल्या माणसाला सूर्य कुठे आहे याचा पत्ता नसतो. हेच स्मारक पळसगावात असतं, तर नेमकं यशवंतच्या स्मृतिदिनी ते बहुधा बंद असतं.

१९४४ च्या त्या १० जुलैला काय झालं ते शौर्यपत्रात आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. यशवंत एका सेक्शनचा प्रमुख, वय २२. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि तो सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. तो एकटाच ठाण्यावर धावून गेला. हातबाँबनं मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगननं आणखी एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. उरलेल्या दोघांना त्यानं बंदुकीच्याच तडाख्यांनी ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरल्या.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ही म्हण इथे का आठवावी? एरवी ती भांडणात निघते, लपवलेलं बाहेर येणारच, असं बजावायला. पण तिच्या पोटात दुसरं, जास्त बोचरं काही आहे: तुझ्यावाचून जगाचं अडत नाही. ११ जुलैला पळसगावात उजाडलंच असणार. तोवर घरी कळलेलं असणं शक्य नव्हतं.

या म्हणीत कोंबड्याची बाजू मात्र कुणी घेत नाही. तांबडं आपल्यामुळे फुटतं असं त्यानं कधी म्हटलं? ते आरवतं ते सूर्यासाठी नाही, निजलेल्यांसाठी. झाकणाऱ्यालाही सूर्य थांबवायचा नसतो, आणखी घटकाभर झोप हवी असते. आपणही असंच केलं का? १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर 'चले जाव'ची हाक उठली. दोन वर्षांनी त्याच मुंबई इलाख्यातला पोरगा साहेबाच्या फौजेतून लढताना मेला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघांना एका गोष्टीत बसवणं अवघड, म्हणून एकावर डालगं? पण तेही खरं नाही. पुतळा आहे, पलटणीत नाव आहे. झाकलं म्हणणं अन्यायाचं होईल, पुरतं उघडं ठेवलं म्हणणंही धाडसाचं.

इटलीतल्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक मेले. तिथलं युद्ध २ मे १९४५ ला संपलं. यशवंत नसता तरी ते संपलं असतं, असं म्हण सांगते. त्याच्या शेजारच्याबद्दल, त्याच्याही शेजारच्याबद्दल ती हेच सांगेल. असं एकेक करत ५,७८२ जणांना वजा करता येतं, आणि शेवटी लढायला कुणीच उरत नाही. मग किती कोंबडी झाकली म्हणजे तांबडं अडेल? आकड्याचा हा हिशेब मला जमत नाही. एवढंच दिसतं, की ते एक ठाणं त्या घटकेला त्याच्यावाचून पडलं नसतं.

आणि त्या ठाण्यातले चौघे? शौर्यपत्रात त्यांना नावं नाहीत. एकाच सूर्याचं वाक्य मनापासून म्हणायचं, तर ते चौघेही त्यात येतात. तिथपर्यंत आलं की माझी जीभ अडखळते. यशवंतचं नाव इटलीतल्याच कासिनोच्या स्मारकावर आहे, ज्यांच्या कबरीचा ठाव नाही अशा चार हजारांहून अधिक जणांत. त्याला मूठभर मातीही नेमून दिलेली नाही आणि मी त्याच्या वतीनं चौघांना सावलीत जागा देऊन टाकावी?

त्याचं पदक त्याच्या पत्नीनं स्वीकारलं. तिनं हे वाक्य म्हटलं असतं तर मी निमूट मान्य केलं असतं. माझ्या तोंडी ते फुकटचा मोठेपणा वाटतं. मोंतोनेच्या लोकांचं वेगळं असेल; दोन्हीकडची पोरं त्यांच्याच मुलखात मेली. तो अधिकार त्यांचा, असं म्हणून सुटता येईल. पण मग त्याच्या शौर्याचा अभिमान बाळगताना माझ्याकडे कुठला अधिकार होता? तेव्हा तर मी कुणालाच विचारलं नव्हतं.