आम्ही जहाज निवडतों

प्रवासास निघणाऱ्या माणसाला आपण कोठें जात आहों आणि कशासाठीं जात आहों, हीं दोन उत्तरें ठाऊक असावीं लागतात. आजवरच्या आमच्या प्रवासांत तीं आम्हांस आयतींच मिळत आलीं. पुतणीचें लग्न निघालें कीं नागपूर, कुलस्वामिनीचा नवस फेडावयाचा राहिला कीं कोल्हापूर, परीक्षकांची सभा असली कीं अमरावती आणि मुलांच्या सुट्या लागल्या कीं महाबळेश्वर. कारण आधीं येई आणि त्याच्या पाठोपाठ ठिकाण येई. पण ज्या प्रवासाला मुळीं कारणच नाहीं त्याचें ठिकाण कसें ठरवावें, हा पेंच गेल्या पावसाळ्यांत आम्हां उभयतांपुढें उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर, बरोबर कोणासही न घेतां व कोणतेंही काम न काढतां, आपण दोघांनींच कांहीं दिवस जहाजावर काढावे असें आमच्या मनानें घेतलें. हा निश्चय एका संध्याकाळच्या चहावर झाला. जहाज निवडण्यास मात्र पुरे तीन महिने लागले. आणि त्या तीन महिन्यांत समुद्राविषयीं आम्हांस जेवढें कळलें, त्याहून कितीतरी अधिक एकमेकांविषयीं कळलें.

समुद्राच्या काठीं राहूनही समुद्रावर राहण्याची कल्पना आम्हां मराठी मध्यमवर्गीयांना अगदींच नवखी आहे. बौधायनानें समुद्रसंयान हें पातित्य आणणाऱ्या कर्मांत घातलें होतें. त्या निषेधाची पकड ढिली होत गेली तरी ती कामापुरतीच. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी एकट्या अमेरिकेस गेल्या त्या वैद्यकी शिकावयास. इतरांपैकीं कोणी बॅरिस्टर होण्यास गेलें, कोणी आय्. सी. एस्.च्या परीक्षेस गेलें, कोणी नुसतें नोकरीस गेलें. ह्या सर्वांना आगबोट म्हणजे एक लांबलचक पूल होता. पलीकडच्या तीरावर काम होतें म्हणून ते पाण्यावरून गेले. ज्या बंदरांतून निघावयाचें त्याच बंदरांत परत येऊन उतरावयाचें आणि मधल्या काळांत कांहींएक साधावयाचें नाहीं, असा जलप्रवास आमच्या आजोबांना कोणी सांगितला असता, तर त्यांनीं सांगणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी केली असती.

युरोपांतही ही कल्पना फार जुनी नाहीं. ज्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींनीं आमच्या आधींच्या पिढ्या मुंबईहून विलायतेस गेल्या, तिनें १८४४ सालीं भूमध्य समुद्रांत सहली काढण्यास सुरुवात केली आणि थॅकरे ह्या कादंबरीकारास फुकट नेलें. त्या प्रवासावरचें त्याचें पुस्तक १८४६ सालीं निघालें. जाहिरातीची ही युक्ति आजच्या जाहिरातदारांस ओळखीची वाटेल. परंतु ह्या धंद्याचा खरा जनक म्हणून हँबुर्गच्या आल्बर्ट बालिन ह्याचें नांव घेतात. हिवाळ्यांत उत्तर अटलांटिक खवळलेला असे, उतारू कमी मिळत आणि मोठाल्या आगबोटी धक्क्याला बसून नुसता खर्च खात. बालिननें २२ जानेवारी १८९१ रोजीं 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट भूमध्य समुद्राच्या सहलीस काढली, ती सुमारें दोन महिन्यांनीं परत आली. १९०० सालीं त्याच्याच कंपनीनें केवळ सहलीसाठीं बांधलेलें जहाज पाण्यांत सोडलें. म्हणजे आज ज्याला आपण चैन म्हणतों तिचा जन्म एका व्यापाऱ्याच्या काटकसरींत झाला. ही माहिती आम्हीं घरांत मोठ्या उत्साहानें वाचून दाखविली, तेव्हां आमची सौभाग्यवती म्हणाली, "असेल, पण तिकिटाचे भाव पाहिले तर लेक माहेरचें वळण साफ विसरलेली दिसते."

निवडीला आरंभ झाला तो जहाजाच्या आकारापासून. १९१२ सालीं बुडालेली 'टायटॅनिक' ४६,००० टनांची होती. २०२४ सालीं प्रवासास निघालेलें 'आयकॉन ऑफ द सीज' हें जहाज जवळजवळ २,४८,००० टनांचें असून त्यावर जास्तींत जास्त ७,६०० उतारू मावतात, नोकरवर्ग निराळाच. हे टन वजनाचे नव्हत. जहाजाच्या पोटांत बंदिस्त जागा किती आहे तें सांगणारें तें माप आहे, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या आकड्यांचा अर्थ डोळ्यांपुढें उभा राहतो. अशा जहाजावर पोहण्याचे अनेक तलाव असतात, नाटकगृह असतें, बर्फावर घसरण्याचें मैदानसुद्धां असतें. आम्ही हीं चित्रें कौतुकानें पाहत होतों. तेवढ्यांत शेजारून प्रश्न आला, "अहो, इतकीं माणसें बरोबर घ्यावयाचीं तर डोंबिवली सोडावयाची कशाला?" ह्या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळें अतिप्रचंड जहाजें यादींतून गेलीं. शेंदीडशें उतारूंचीं चिमुकलीं जहाजें गेलीं तीं त्यांच्या भाड्यामुळें.

नंतर ठिकाणांची पाळी आली. येथें आमचें मन अगोदरच ठरलेलें होतें. आमचा जन्म इंग्रजी साहित्य शिकविण्यांत गेला. दरवर्षीं आम्ही कीट्सची कविता शिकवितों आणि दरवर्षीं वर्गाला सांगतों कीं हा कवि पंचविसाव्या वर्षीं, १८२१ सालीं, रोममध्यें वारला व तेथेंच पुरला गेला. तें थडगें एकदां डोळ्यांनीं पाहावें ही आमची जुनी इच्छा. बार्सिलोना, मार्सेल्स, जिनोआ, रोम, नेपल्स असा सात रात्रींचा एक प्रवास आम्हीं शोधून काढला व तो तिच्यापुढें ठेवला. तिनें चष्मा लावला आणि पेन्सिल घेतली. रोमला बंदर नाहीं. जहाज लागतें तें चिव्हिताव्हेक्किया येथें, आणि तेथून रोम सत्तर-ऐंशीं किलोमीटर. सकाळीं सातला जहाज लागावें, संध्याकाळीं साडेपांचला सर्व उतारू परत चढलेले असावे. साडेदहा तासांतून येण्याजाण्याचे तीन वजा, जेवणाचा एक वजा. नेपल्सला उतरून पाँपी पाहावयाची तर तोच हिशेब. उशीर झालेल्या उतारूसाठीं जहाज थांबत नाहीं. त्यानें स्वतःच्या खर्चानें पुढलें बंदर गांठावयाचें. हा सारा आंकडा मांडून झाल्यावर तिनें पेन्सिल खालीं ठेवली आणि विचारलें, "ह्यांत समुद्र कोठें आहे?"

तिचें माहेर अलिबागेकडचें. लहानपणीं रोज संध्याकाळीं ती किनाऱ्यावर असे, पण पाण्यावरचा तिचा प्रवास रेवस आणि मांडवा ह्यांच्यापलीकडे कधीं गेला नाहीं. चोहोंकडे जमीन दिसत नाहीं अशा ठिकाणीं एक अख्खा दिवस बसून राहावें, एवढीच तिची मागणी होती. लग्नाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं ती आम्हांस प्रथम ऐकूं आली, कारण तोंवर तसा प्रश्नच निघाला नव्हता. जहाजवाल्यांच्या पत्रकांत ज्या दिवशीं जहाज कोठेंही न थांबतां चालत राहतें त्या दिवसाला 'सी डे' म्हणतात, आणि बंदराच्या नांवाच्या जागीं फक्त 'समुद्रांत' असें छापतात. आम्ही पत्रकें वाचतांना त्या ओळी गाळून पुढें जात होतों. तिनें नेमक्या त्याच ओळींवर खुणा केल्या होत्या.

खरें सांगावयाचें तर त्या दिवसाची आम्हांस धास्तीच वाटली. मुलगी पुण्यास, मुलगा बंगलोरास. घरांत आतां आम्ही दोघेंच. गेल्या पंचवीस वर्षांतलें आमचें बोलणें आठवून पाहिलें तर त्यांत फी, दूध, आजारपणें, परीक्षा आणि पाहुणे ह्यांचाच भरणा अधिक निघेल. ते विषय एकेक करून घरांतून निघून गेले, आणि उरलेल्या शांततेला वर्तमानपत्र, दूरदर्शन व तपासावयाच्या उत्तरपत्रिका ह्यांचा आडोसा मिळाला. जहाजावर ह्यांतलें कांहींच नाहीं. साधी खोली सुमारें दीडशें चौरस फुटांची. म्हणजे मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतल्या एकशेंसाठ फुटी खोलीहूनही किंचित् लहान. आमच्या संसाराचीं पहिलीं दोन वर्षें परळला अशाच एका खोलींत गेलीं. तेव्हां खोलींत आम्ही पांच माणसें होतों. बोलण्यासारखें पुष्कळ होतें आणि बोलावयास जागा नव्हती. आतां जागा आहे, फुरसत आहे. बोलावयास काय आहे, हें पाहावयास माणूस सहजासहजीं तयार होत नाहीं. पाँपी आणि रोम ह्यांच्यामागें आम्ही इतके लागलों होतों त्यांत कीट्सविषयींचें प्रेम किती आणि ह्या प्रश्नापासूनची पळवाट किती, ह्याचा निवाडा वाचकांनींच करावा.

मध्यंतरीं एक अडचण निघाली ती सासूबाईंकडून. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांतून त्या दिवशीं कोणी ना कोणी परत आलें नाहीं. सासूबाई तेव्हां लहान होत्या, पण समुद्र म्हटला कीं आजही त्यांच्या तोंडीं पहिलें नांव तेंच येतें. त्यांनीं तिकिटाचे दर विचारले नाहींत, बंदरेंही विचारलीं नाहींत. फक्त महिना विचारला. मार्गशीर्ष, असें सांगितल्यावर त्या थोड्या स्वस्थ झाल्या. त्यांची शंका जुनाट म्हणून टाकून देण्यासारखी नव्हे. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हे समुद्राचे दिवस नव्हत, हें कोळ्यालाही ठाऊक असतें आणि कप्तानालाही. जहाजांच्या सुरक्षिततेचे नियमही अशा दुःखांतूनच जन्मले आहेत. 'टायटॅनिक'नंतर लंडनला राष्ट्रांची परिषद भरली आणि १९१४ सालीं प्रत्येक उतारूपुरती जीवनौका असावी असें ठरलें. २०१२ सालीं इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली व ३२ माणसें दगावलीं. त्याच दिवशीं चढलेल्या उतारूंची संकटकाळची कवाईत तोंवर झालेलीच नव्हती. २०१५ पासून ही कवाईत जहाज निघण्यापूर्वीं किंवा निघतांच घेतलीच पाहिजे असा नियम आहे. हें सर्व आम्हीं सासूबाईंना समजावून सांगितलें. त्या म्हणाल्या, "कवाईतीला दोघेंही जा. हे वाचत बसतील, तूं त्यांना उठव."

मुलीचा आक्षेप निराळा होता. जहाजांचा धूर, समुद्रांत जाणारी घाण, आणि बंदरांच्या गांवांवर एकदम येऊन पडणारी हजारों माणसांची धाड ह्यांविषयीं तिनें आम्हांस फोनवर चांगलेंच सुनावलें. इटलीच्या सरकारनें २०२१ सालीं मोठालीं जहाजें व्हेनिसच्या मुख्य जलमार्गांतून बंद केलीं, हें तिचें उदाहरण खोडून काढणें आम्हांस शक्य झालें नाहीं. निदान जहाज गांठण्यासाठीं विमानानें अर्धी पृथ्वी ओलांडूं नये, एवढा तिचा सल्ला आम्हीं मानला.

अशा रीतीनें रोमहून निघालेली आमची बोट हळूहळू मुंबईच्या धक्क्याला येऊन लागली. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सहली २०२१ सालापासून नियमानें निघूं लागल्या आहेत. ज्या जहाजानें त्या सुरू झाल्या तें १९९० सालीं बांधलेलें आणि आकारानें 'टायटॅनिक'हून थोडें मोठेंच होतें. पण ही तुलना आम्हीं सासूबाईंपासून लपवून ठेवली. लक्षद्वीपला मोठें जहाज बेटाला लागत नाहीं. तें बाहेर खोल पाण्यांत उभें राहतें आणि उतारूंना लहान होड्यांतून नेतात. जातांना एक पुरा दिवस समुद्रांत, येतांना दुसरा. तिनें हें वाचलें आणि पत्रक मिटून ठेवलें. पुढें पाहण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें.

खोलीची निवड मग लवकर झाली. जहाज झोपाळ्याच्या फळीसारखें टोंकांना अधिक हलतें आणि उंचावर अधिक झुलतें. म्हणून ज्यांना पाणी लागण्याची भीति आहे त्यांनीं मधली व खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. आंतल्या खोल्या स्वस्त, पण त्यांत उजाडलें कीं नाहीं तें घड्याळावरूनच कळावयाचें. सज्जाच्या खोल्या महाग, आणि सज्जा घेतला कीं माणसें आपापल्या सज्जांतच बसून राहतात. आम्हीं खिडकीची खोली घेतली. छापील भाडें एका माणसाचें असून खोलींत दोघें राहणार असें धरलेलें असतें; शिवाय बंदराचे कर, नोकरांची बक्षिसी, पेयें आणि किनाऱ्यावरच्या सहली हीं पुष्कळदां वेगळीं निघतात. सर्व मिळून काय पडेल तें आधींच कागदावर मांडून घ्यावें, म्हणजे समुद्रावर त्यावरून बोलण्याची पाळी येत नाहीं.

आमच्या वयाचीं पुष्कळ जोडपीं आतां ह्या वाटेला लागतील, असें आम्हांस वाटतें. मुलें दूर गेलेलीं, हातांत थोडा पैसा, गुडघे अजून आपले. समुद्राकडे वळण्याची ही वेळ खरी. त्यांना जहाजाचें नांव सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. कोणाला बंदरें हवीं असतील, कोणाला नाचगाणें, कोणाला नातवंडांचा गलका. एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं पत्रक उघडलें म्हणजे बंदरांच्या आधीं मधल्या रिकाम्या दिवसावर बोट ठेवावें आणि त्या दिवशीं आपण दोघें काय करणार, हें एकमेकांस विचारावें. उत्तर लगेच आलें नाहीं तर गडबडून जाऊं नये. आम्हीं तो प्रश्न विचारला, तेव्हां ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तुम्ही वर्गांत जें काय इतकीं वर्षें शिकवतां, तें मला कधीं सांगितलें नाहींत. तें सांगा. कंटाळा आला तर मी पाण्याकडे पाहीन." कीट्सच्या थडग्याला आणखी कांहीं वर्षें वाट पाहण्याची संवय आहे. त्याची कविता आम्हीं सामानांत घातली आहे.