का-दे-ना

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे सिअ‍ॅटलला आली होती, तेव्हाची गोष्ट. सप्टेंबरात सफरचंदं तोडायला म्हणून याकिमाकडे निघालो होतो. स्नोक्वाल्मीचा घाट ओलांडला तशी सिअ‍ॅटलची स्टेशनं एकेक करून खरखरत गेली. याकिमा जवळ आल्यावर नवऱ्याने पुन्हा बटणं दाबायला सुरुवात केली आणि ९१.९ वर एक बाई बोलताना सापडली. स्पॅनिश. तो पुढे जाणार इतक्यात मागून आई म्हणाली, "राहू द्या ते."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी हसत विचारलं.

"कळत नाही गं. पण बाई कशी शेजारी बसून बोलल्यासारखी बोलतेय."

आईचं सगळं आयुष्य वाईजवळच्या गावात गेलं. सकाळी सात पाचला पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी 'माझं घर माझं शेत', रात्री 'आपली आवड'. रेडिओ चुलीजवळच्या फळीवर. आमच्याकडे मात्र तिला ऐकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि बोलायला फक्त आम्ही दोघं, तीही संध्याकाळी सातनंतर. दिवसेंदिवस तिचं बोलणं कमी होत चाललं होतं, हे मला दिसत होतं. पण दिसणं आणि मनावर घेणं यात फरक असतो ना!

घरी आल्यावर त्या स्टेशनबद्दल शोधलं. नाव केडीएनए. ही अक्षरं स्पॅनिश उच्चाराने म्हणत गेलं की 'कादेना' ऐकू येतं, म्हणजे साखळी. याकिमा खोऱ्यातल्या ग्रेंजर नावाच्या लहानशा गावातून १९ डिसेंबर १९७९ रोजी ते सुरू झालं. बोधवाक्य: शेतमजुरांचा आवाज. पूर्णवेळ स्पॅनिशमध्ये चालणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या बिनव्यापारी स्टेशनांपैकी हे एक. त्याआधी काही काळ ही मंडळी सिअ‍ॅटलच्या केआरएबी स्टेशनच्या उपलहरीवरून कार्यक्रम देत होती. पण ते साध्या रेडिओवर लागत नसे, खास रिसीव्हर लागायचा. मजुराकडे तो कुठून असणार?

सुरू करणारे चौघं होते: रिकार्दो गार्सिया, हुलिओ सेसार गेरेरो, डॅनियल रोबल आणि रोसा रामोन. स्टेशनची पहिली व्यवस्थापक रोसा. ती याच खोऱ्यातल्या शेतमजुरांच्या घरातली. खोऱ्यात सफरचंद, चेरी, शतावरी आणि बिअरसाठी लागणारी हॉप्स पिकतात. अमेरिकेतली जवळपास तीन चतुर्थांश हॉप्स इथली. हे सगळं तोडणारे हात मेक्सिकोतून आणि टेक्सासमधून आलेले, पण त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं फार कुणी नव्हतं. फवारणीचं औषध अंगावर उडालं तर काय करायचं, मजुरी बुडवली तर कुठे जायचं, मूल तापलं तर दवाखाना कुठला, हे या स्टेशनने सांगायला घेतलं. स्थलांतर खात्याची धाड पडायची, तेव्हा इथून 'ला मिग्रा'वरचं गाणं वाजायचं म्हणे. ज्यांना समजायचं ते समजायचे. :)

स्टेशन पाच महिन्यांचं असताना, १८ मे १९८० ला, माउंट सेंट हेलेन्स फुटला. याकिमात दिवसाढवळ्या अंधार झाला आणि आकाशातून राख पडू लागली. इंग्रजी न कळणाऱ्या माणसाला त्या अंधारात काय वाटलं असेल, याचा मी बराच वेळ विचार करत बसले होते.

पण मला थांबवलं ते एका कार्यक्रमाच्या नावाने. 'मुहेर', म्हणजे बाई. बायकांचं आरोग्य, घरातली मारहाण, मुलं, या सगळ्यावर बायकाच बोलायच्या. त्यातल्या कित्येकींनी आधी शेतात काम केलेलं आणि माइक इथेच पहिल्यांदा हातात धरलेला. बायकांना कमी लेखणारी गाणी लावायची नाहीत असा स्टेशनचा नियमच होता.

आणि मला आठवला आदल्याच आठवड्यातला दवाखाना. डॉक्टरांनी विचारलं होतं, दुभाषी हवा का? मी घाईने म्हटलं होतं, नको, मी आहे ना. मग डॉक्टरीणबाई चार वाक्यं विचारायच्या आणि मी आईला त्याचं एक करून सांगायचे. आई म्हणाली, "काही नाही, पाय दुखतात." मीही तेवढंच सांगितलं. मला ऑफिसात परतायचं होतं. तिला आणखी काही सांगायचं असेल, आणि ते पोटच्या मुलीच्या तोंडून सांगायची लाज वाटत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या वेळी मी आधी फोन करून मराठी दुभाषी मागितला. तो फोनवरूनच मिळतो, आणि बाईच हवी म्हणून सांगितलं. हिंदी चालेल का, असं विचारलं गेलं. नाही म्हटलं. आणि मी बाहेर बसले.

आई चाळीस मिनिटांनी बाहेर आली. हातात औषधाची चिठ्ठी आणि तपासण्यांची यादी. वर्षभर अंगावर काढलेलं दुखणं होतं, नंतर ऑपरेशन करावं लागलं. आता ती ठणठणीत आहे. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी विचारलं, "एवढा वेळ काय बोलत होतीस?"

"ती फोनवरची बाई साताऱ्याकडची निघाली," आई म्हणाली. "बाकीचं तुला कशाला?"

ग्रेंजरचं ते स्टेशन आजही ९१.९ वर आहे. याकिमाकडे गेलो की मी लावते. अजूनही काही कळत नाही. पण आता बटण पुढे दाबत नाही.