कूस, खाच आणि एफ. डी.

सुतारकाम हा माझा छंद आहे, असं मी सांगतो. आमच्या हिच्या मते तो आजार आहे. छंदाने घरात काहीतरी तयार होतं. माझ्या छंदाने भुसा तयार होतो. हे तितकंसं खरं नाही. गेल्या एकतीस वर्षांत मी चार पाट, तीन स्टुलं आणि एक देव्हारा केला. देव्हाऱ्यातले देव किंचित पुढे झुकलेले दिसतात हे कबूल. पण त्यामुळे ते भक्ताचं म्हणणं लक्ष देऊन ऐकताहेत असं वाटतं.

लाकडाला लाकूड जोडायचं म्हणजे एकाला कूस काढायची आणि दुसऱ्यात खाच पाडायची. मला हे शिकवणारे मिस्त्री म्हणत, "सायेब, मोगरीच्या दोन ठोक्यांत कूस बसली पायजे. एकात बसली तर सैल, चार लागले तर लाकूड फुटलं." माझी एकतर एका ठोक्यात बसे, नाहीतर नऊ. पण बसे.

यंदा नातीने फर्मान काढलं, "आजोबा, मला बेसिनपाशी उभं राहायला स्टूल हवं." आता पाट डुगडुगला तर जेवणारा सावरतो. स्टुलावर चार वर्षांची पोर उभी राहणार, तिथे डुगडुगून चालत नाही.

नेमका तेव्हाच स्टुटगार्टचा भाचा आला होता. "मामा, हल्ली पटाशीने खाच कोण पाडतं?" असं म्हणून त्याने फोनवर दोन यंत्रं दाखवली. पहिलं बिस्किटाचं. ही स्वित्झर्लंडच्या हेर्मान श्टायनर नावाच्या सुताराची १९५० च्या दशकातली युक्ती. छोटं गोल पातं दोन्ही लाकडांत अर्धचंद्रासारखी चीर पाडतं. तिच्यात बीच लाकडाची दाबून केलेली चपटी चकती सरसासकट बसवायची. सरसातलं पाणी पिऊन ती फुगते आणि घट्ट होते. फुगून घट्ट बसण्याचं काम आमच्या न्हाणीघराचं दार दर पावसाळ्यात फुकट करतं, हे मी भाच्याला सांगितलं नाही. पण मोठं बिस्किट सव्वादोन इंच लांब, आणि माझ्या स्टुलाची आडवी पट्टी दोनच इंच रुंद. फळीला फळी जोडायला ते उत्तम, स्टुलाच्या पायाला नव्हे.

दुसरं यंत्र जर्मन. त्याचं पातं गिरमिटासारखं फिरतं आणि फिरता फिरता डावीउजवीकडे झुलतंही, त्यामुळे भोक न पडता लांबट खाच पडते. अशीच खाच दुसऱ्या लाकडातही पाडायची आणि दोन्हींत मिळून एक तयार कूस घालायची. एका खाचेला काही सेकंद! वजन जेमतेम तीन किलो. किंमत मात्र लाखाच्या घरात. मी हिशेब केला : एकतीस वर्षांत आठ वस्तू, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत फार तर तीन. एका स्टुलाला तेहतीस हजार. त्यात मिस्त्री शिसवी सिंहासन करून देईल.

ही नाही म्हणणार याची मला खात्री होती, किंबहुना तोच माझा आधार होता. बायको नाही म्हणते म्हणून यंत्र नाही, आणि यंत्र नाही म्हणून खाच वाकडी, असं सगळं बिनबोभाट जुळत होतं. कारण गेलं वर्षभर माझी पटाशी रेषेवर ठरत नव्हती. मी आधी धारेला दोष दिला, मग चष्म्याला, मग सागवानाला. पट्ट्या बदलल्या, चष्माही बदलला.

रात्री मी विषय काढला. पंचांग बघावं तशी माझ्याकडे बघत ही म्हणाली, "घ्या ते यंत्र. माझी एक एफ. डी. दिवाळीत सुटतेय."

"अगं, लाख रुपये! आणि आपल्याला हाताने येतं की."

"सकाळी तुमची कपबशी वाजते," ती म्हणाली. "वर्ष झालं. स्वयंपाकघरात ऐकू येतं मला."

एकतीस वर्षांत माझ्या सुतारकामाला तिची ही पहिली मंजुरी. मला आनंद व्हायला हवा होता. मी उठून उगाच दाराची कडी तपासून आलो. मग म्हटलं, "बरं."

तर यंत्र घ्यायचं ठरलं. भाचा दिवाळीत घेऊन येईल. प्लग तेवढा बदलायचा. स्टुलाला पाय चार, पट्ट्या चार, म्हणजे सांधे आठ. सात यंत्राने करणार. आठवा मात्र मी गेल्या आठवड्यात हाताने केला. चार दिवस लागले. मनगट टेबलाला टेकवून, एका वेळी तांदळाएवढा कपचा काढत. कूस अडीच ठोक्यांत बसली. मी स्वतः लोंबकळून पाहिलं, हलत नाही.

"यातला माझा सांधा कोणता, हे पुढे कुणाला ओळखू येणार नाही," मी हिला म्हटलं.

"त्यात काय ओळखायचंय?" ही म्हणाली. "जो करकरेल तो."