आत्यांचं बोचकं आणि उत्तरेचा समुद्र

“तंबूत राहायचं? आणि तेही सासूबाईंना घेऊन?” माझ्या जाऊबाईंच्या फोनवरच्या बेतानं मी थक्कच झाले. माझे धाकटे दीर स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेस गावी नोकरीला आहेत. दोन वर्षं त्यांचं ‘या, या’ चाललं होतं. शेवटी गेल्या मे महिन्यात मुलांच्या परीक्षा आटोपल्या, माझ्या शाळेलाही सुट्टी लागली (मी अर्धवेळ भूगोल शिकवते), आणि आम्ही साताऱ्याहून निघायचं ठरवलं. हे, मी, दोन मुलं आणि सत्तरीच्या सासूबाई. भावजींनी जूनच्या पहिल्या आठवड्यात थेट उत्तर किनाऱ्यानं चार रात्रींचा बेत आखला होता. स्कॉटलंडात २००३ च्या कायद्यानं मोकळ्या रानात तंबू ठोकायची मुभा आहे. अट एवढीच, की जागा होती तशीच ठेवून निघायचं.

मी तयारीला लागले. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, जराशी भाजून त्यात हळद, हिंग, जिरं, मीठ घातलं आणि एका वेळेच्या मापाच्या पिशव्या भरल्या. पाणी घालून शिजवलं की खिचडी! भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा घेतला. मैत्रिणींनो, कुठल्याही प्रवासाला ही युक्ती लक्षात ठेवा.

सासूबाईंनी मात्र आपलं बोचकं घेतलं. आता या बोचक्याबद्दल सांगायलाच हवं. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, मी ते त्यांच्या कॉटखाली बघते आहे. जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधलेलं. आत एक जोड कपडे, काडेपेटी, मेणबत्ती, गुळाचा खडा, सुईदोरा आणि घराचे कागद. दर दिवाळीला साफसफाई करताना मी ते सोडायची आणि त्या मुकाट्यानं पुन्हा बांधायच्या. आमच्यात त्यावरून बरेचदा खटकेही उडायचे. विमानाच्या नियमानं काडेपेटी काढून ठेवावी लागली, तर इन्व्हर्नेसला उतरल्यावर आत्यांची पहिली मागणी काय? काडेपेटी!

इन्व्हर्नेसहून पश्चिमेला उल्लापूल आणि तिथून वर उत्तरेकडे. रस्ता एकाच गाडीपुरता, मधूनमधून बाजूला थांबायच्या जागा. समोरून गाडी आली की ज्याला जवळ असेल त्यानं थांबायचं आणि जाणाऱ्यानं हात हलवून आभार मानायचे. मुलांनी हात हलवायचं काम अंगावरच घेतलं. दोन्ही बाजूंना राखी, उघडेबोडके खडक. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा म्हणून मी वर्गात केवढ्या ऐटीत सांगते! इथले काही खडक जवळजवळ तीनशे कोटी वर्षांचे. मी गाडीतच गप्प झाले.

डरनेस हे गाव अगदी उत्तर किनाऱ्यावर. उंच कड्यावर गवताची सपाटी, खाली पांढरी वाळू आणि हिरवंनिळं पाणी. पाणी असं गार, की पाय घातला तर हाडं ठणकावीत. जवळच स्मू नावाची गुहा आहे. तिचं तोंड सुमारे चाळीस मीटर रुंद, आणि आत ओढ्याचा धबधबा छपरातून कोसळतो. रात्रीचे दहा वाजले तरी सूर्य बुडेना. “अजून दिवस आहे की,” म्हणत मुलं झोपायला तयार होईनात. सातवीच्या वर्गात पृथ्वीगोल कलता धरून हेच मी दरवर्षी दाखवते; डोळ्यांनी पाहिलं ते मात्र पहिल्यांदाच.

मिज नावाची तिळाएवढी माशी ही इथली खरी डोकेदुखी. वारा पडला की थवेच्या थवे येतात आणि कडकडून चावतात. वारा सुटला की गायब. म्हणजे वारा नसला तर माशा खाणार आणि असला तर तंबू उडणार!

दुसऱ्या रात्री तो सुटलाच. मध्यरात्रीनंतर वाऱ्यानं असं काही थैमान मांडलं, की तंबूची काठी वाकून आमच्या नाकाशी आली. पाऊस आडवा. धावपळ, आरडाओरडा, मुलांची रडारड. कसेबसे सगळे गाडीत शिरलो. कपडे ओले, पिशव्या सगळ्या तंबूतच अडकलेल्या. धाकटी थंडीनं थडथडत होती. तेवढ्यात आत्यांनी मांडीवरचं बोचकं सोडलं. कोरडं लुगडं काढून लेकीभोवती गुंडाळलं, सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आमचे सगळ्यांचे पासपोर्टही त्यातच! झोपण्यापूर्वी त्यांनी ते गोळा करून ठेवले होते. त्या धांदलीत काय घ्यायचं, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मी काही बोलले नाही. बोलायला तोंडच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेटीहिल या गावी आलो. तिथं जुन्या चर्चमध्ये एक लहानसं संग्रहालय आहे. भावजी पाट्या वाचून मराठीत सांगत होते. मागच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातल्या गावकऱ्यांना १८१४ आणि १८१९ मध्ये जमीनदारांनी घराबाहेर काढलं. का, तर मेंढ्यांच्या मोठ्या कळपांना कुरणं हवी होती. लोकांनी परत येऊन घरं उभी करू नयेत म्हणून छपरांची लाकडं जाळली. माणसांना या खडकाळ किनाऱ्यावर तुटपुंज्या जमिनी दिल्या. चिझम नावाच्या माणसाची सासू जवळजवळ शंभरीची, अंथरुणाला खिळलेली. जळत्या घरातून तिला उचलून बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत ती वारली. जमीनदाराच्या कारभाऱ्यावर, पॅट्रिक सेलरवर, १८१६ मध्ये खटला झाला आणि तो निर्दोष सुटला.

आत्या बराच वेळ उभ्या होत्या. मग बाहेर येऊन समुद्राकडे तोंड करून बसल्या. मी शेजारी बसले.

“आमच्या बाबांनी दाराची चौकट उपटून नेली होती,” त्या एकदम म्हणाल्या. “लाकूड तेवढं हातात होतं. बाकी समदं पाण्यात.”

आत्यांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं, एवढं मला माहीत होतं. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या, हे मी कधी मोजलंच नव्हतं. कोयना प्रकल्प म्हणजे वीज किती, पाणी किती, हे मी मुलांना फळ्यावर लिहून देते. उठलेल्या गावांना धड्यात एक ओळ असते.

“आई सांगायची, पाणी चढायच्या आत जे उचलता येईल तेच आपलं. रातच्याला बांधून ठेवायचं आणि मगच झोपायचं. तवापासनं सवय लागली बघ.”

“मला कधी सांगितलं नाहीत, आत्या.”

“तू कधी इचारलंस? तू नुसती गाठ सोडायचीस.”

त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

शेवटची रात्र डनेट हेडजवळ काढली. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं हे सगळ्यात उत्तरेचं टोक. पलीकडे ऑर्कनी बेटं दिसत होती, कड्यांवर समुद्रपक्ष्यांचा गलका. आत्यांनी तंबूच्या दाराशी बसून नातवंडांना आपलं गाव सांगितलं. कुणाचं घर कुठं, विहीर कुठं, देऊळ कुठं. धाकटी काडीनं मातीत नकाशा काढत होती. सकाळी निघताना नियमाप्रमाणे जागा होती तशी केली, पण तो नकाशा पुसायला कुणाचाच हात धजेना. पावसानं पुसला असेल.

घरी आल्यावर तोच नकाशा मुलीकडून कागदावर काढून घेतला. शाळा उघडल्यावर कोयनेचा धडा शिकवताना तो फळ्याशेजारी लावला. आणि नंतर घडी घालून आत्यांच्या बोचक्यात ठेवला. गाठ मात्र त्यांनाच बांधू दिली.