वाईच्या घाटावरची पहिली मुलाखत

पुण्याहून सुमारें ९० किलोमीटर दक्षिणेस, खंबाटकीचा घाट उतरून सुरूरच्या फांट्यावरून उजवीकडे वळलें, कीं थोड्याच वेळांत कृष्णाकांठचें वाई गांव येतें. येथें आम्ही अनेक वेळां गेलों आहों. परंतु गेल्या माघांतील आमची वारी निराळ्याच कारणानें घडली.

आमची नात विज्ञानशाखा सोडून पुण्यास पत्रकारिता शिकूं लागली आहे. तिचा हा निर्णय आमच्या मनास फारसा रुचला नव्हता, पण असो. तिला महाविद्यालयासाठीं आपला पहिला 'पॉडकास्ट' करावयाचा होता. हा शब्द २००४ सालीं बेन हॅमर्स्ली या इंग्रज पत्रकारानें 'गार्डियन' पत्रांतील एका लेखांत सुचविला. 'आयपॉड' हें खिशांत मावणारें गाणीं ऐकण्याचें यंत्र आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे ध्वनिक्षेपण, या दोहोंचा तो समास. नभोवाणी आपल्या वेळेस बोलते, पॉडकास्ट श्रोत्याच्या सवडीनें बोलतो, एवढाच काय तो भेद.

तिचा विषय होता वेदपठण. ऋग्वेदाच्या दहा मंडलांतील १०२८ सूक्तें पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिलीं, तीं केवळ घोकंपट्टीनें नव्हे. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांची त्यांस तटबंदी आहे. घनपाठांत पहिलीं तीन पदें एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशीं उलटसुलट म्हटलीं जातात. मग एक स्वर ढळण्यासही वाव उरत नाहीं. या परंपरेस युनेस्कोनें २००३ सालीं मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाचा मान दिला. वाईंतील एक वृद्ध दशग्रंथी आमच्या परिचयाचे होते. त्यांस आम्ही गुरुजी म्हणतों. त्यांची मुलाखत आम्हींच ठरवून दिली, आणि एस.टी.त बसल्या बसल्या २२ प्रश्नही लिहून दिले.

गुरुजींचें घर घाटापासून हाकेच्या अंतरावर आहे. नातीनें प्रथम खिडकी लावली, पंखा थांबविला आणि परवानगी घेऊन शीतकपाटही बंद केलें. त्याची घरघर कानास जाणवत नाहीं, पण ध्वनिमुद्रणांत उतरते म्हणे. एक लहानसा मायक्रोफोन तिनें गुरुजींच्या उपरण्यास लावला, दोन वाक्यें मुद्रित करून ऐकून पाहिलीं, आणि हें कोणाकोणास ऐकूं जाईल तें त्यांस समजावून सांगितलें.

गुरुजी म्हणाले, "बोलेन, पण मंत्र यंत्रांत घालावयाचे नाहींत."

आम्ही चपापलों. मंत्रावांचून वेदपठणाची मुलाखत ती कसली? आम्हीं युनेस्कोचा दाखला काढला, आजवर झालेल्या ध्वनिमुद्रणांची आठवण दिली. नात मात्र शांतपणें म्हणाली, "चालेल, गुरुजी. तुमचा आवाज आहे, तुम्ही म्हणाल तसें."

मग आमचे प्रश्न सुरू झाले. "ऋग्वेदाच्या विकृति किती?" "आठ." "पाठांतराचे लाभ कोणते?" "ते पुस्तकांत आहेत." पांच-सहा प्रश्नांत मुलाखत थिजली. आम्ही मागून सातवा प्रश्न सुचवूं लागलों, तोंच नातीनें कागद घडी करून बाजूस ठेवला.

"गुरुजी, पहिल्या दिवशीं तुम्हांला भीति वाटली का हो?"

गुरुजी गप्प झाले. ती शांतता आम्हांस सोसेना. आम्ही तोंड उघडणार इतक्यांत नातीनें आमच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलें. वर्गांत जन्मभर आम्हीं केलेली खूण आमच्याच वांट्यास आली!

बऱ्याच वेळानें गुरुजी बोलले. "आठ वर्षांचा होतों. कोंकणांतून वडील सोडून गेले आणि मी दिवसभर रडलों. दुसऱ्या दिवशीं पहांटे गुरूंनीं पुढें बसविलें. त्यांना डोळ्यांनीं नीट दिसत नसे. ते माझी मान हातांत धरीत. अनुदात्ताला खालीं, स्वरिताला वर. ते जाऊन पन्नास वर्षें झालीं. अजून म्हणावयास बसलों कीं त्यांचीं बोटें मानेवर जाणवतात. यंत्राला मान नाहीं, बाळ. म्हणून यंत्राला देत नाहीं."

"आणि आतां तुमचा हात कोणाच्या मानेवर आहे?"

"दोन मुलें येत होतीं. शाळेच्या परीक्षा लागल्या, मग येईनाशीं झालीं."

यावर तिनें कांहीं विचारलें नाहीं. शेवटीं तिनें सर्वांस एक मिनिट स्तब्ध बसण्यास सांगितलें. मुद्रण जोडतांना खोलीची शांतताही लागते. त्या मिनिटांत दूरवर एक घंटा वाजली, एवढेंच.

उतरत्या उन्हांत आम्ही गणपती घाटावर आलों. ढोल्या गणपतीचें हें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलें. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर येऊन दुभंगतो आणि बाजूंनीं निघून जातो. तेथें बसून आम्हीं नातीस म्हटलें, "तूं त्यांस गळ घालावयास हवी होतीस. शिष्य नाहींत, मुद्रणही नाहीं. मग उरणार काय?" आमचें हें मत आजही बदललेलें नाहीं.

ती म्हणाली, "मलाही तसेंच वाटतें, आजोबा. पण तें त्यांनीं ठरवावयाचें. आणि एक सांगूं? तुमच्या बावीसही प्रश्नांचीं उत्तरें तुम्हांला आधींच ठाऊक होतीं."

आम्ही निरुत्तर झालों. चौतीस वर्षें आम्हीं सहस्रावधि प्रश्न विचारले. परंतु ज्याचें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं असा प्रश्न एकाही विद्यार्थ्यास विचारल्याचें स्मरेना. ते प्रश्न परीक्षेचे होते, जिज्ञासेचे नव्हते. घरींही आम्हीं हीच रीत चालविली.

परतीची एस.टी. खंबाटकीच्या बोगद्यांतून बाहेर आली, तेव्हां आम्हीं नातीस विचारलें, "बाळ, तूं विज्ञान कां सोडलेंस?"

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. या खेपेस आम्ही मध्यें बोललों नाहीं.