मोत्याचें पथ्य

एकत्र कुटुंबांतील कुत्रा उपाशी राहील अशी भीति कोणीं बाळगूं नये. खरी भीति उलट बाजूची असते. आमच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें. प्रत्येकाच्या मनांत मोत्याविषयीं माया, आणि माया व्यक्त करण्याचा आपल्या लोकांचा ठराविक मार्ग म्हणजे ताटांतला घांस. सकाळीं चहाबरोबरचीं बिस्किटें, दुपारीं तूप लावलेली पोळी, सायंकाळीं मुलांच्या हातचा खाऊ, रात्रीं दहींभात. जास्त कोणीच देत नव्हतें. जो तो थोडेंथोडेंच देत होता. या थोड्याथोड्याची बेरीज अखेर गेल्या भाद्रपदांत पशुवैद्यांच्या कांट्यानें केली. ती भरली ४१ किलो! सात वर्षांच्या, या बांध्याच्या लॅब्राडॉरास ३२ किलो पुरे, असें डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें.

त्यांनीं आम्हांस एक साधी परीक्षाहि शिकविली. हाताच्या पंजाच्या मागील बाजूवरून बोट फिरवावें. तेथें हाडें जशीं सहज लागतात, तशा कुत्र्याच्या बरगड्या हातास लागाव्या. तळहाताच्या गादीसारखें लागलें तर चरबी फार झाली, आणि मुठीच्या टेंगळांसारखें लागलें तर कुत्रा रोडावला. शिवाय वरून पाहतां बरगड्यांमागें कंबर दिसावी, बाजूनें पाहतां पोट मागें वर गेलेलें असावें. पशुवैद्यांच्या नऊ पायऱ्यांच्या मापांत चौथी-पांचवी पायरी उत्तम; मोत्या आठवीवर होता. रक्ततपासणी करून कंठग्रंथीचा दोष नाहीं अशी खात्रीहि त्यांनीं करून घेतली. त्या ग्रंथीचा स्राव मंदावल्यासहि कुत्रें फुगतें, आणि मग नुसत्या पथ्याचा उपयोग होत नाहीं.

घरांत कोणी मोत्यास अधाशी म्हटलें कीं आम्हांस राग येई. केंब्रिज येथील संशोधकांना २०१६ सालीं असें आढळलें कीं, सुमारें चौथा हिस्सा लॅब्राडॉरांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो व त्यामुळें त्यांची भूक वाढते. अशा कुत्र्यांचें शरीर स्वस्थ असतांना उष्मांकहि कमी खर्चतें, असें पुढें २०२४ सालीं दिसून आलें. मोत्या त्यांतलाच कीं काय कोण जाणे. एका मुलास श्लोक एका वाचनांत पाठ होतो, दुसऱ्यास दहा वाचनें लागतात; दुसऱ्यास आळशी म्हणणारा शिक्षक आम्हांस कधींच आवडला नाहीं.

खरा पेंच आक्काचा होता. आमची ही वडील भगिनी ब्याऐंशी वर्षांची. आपल्या पानांतील अर्धी पोळी मोत्यास दिल्याशिवाय तिला आंचवणें ठाऊक नाहीं. "मुक्या जनावराचा घांस मोजतोस होय रे अण्णा?" असें तिनें भर पंक्तींत विचारलें, आणि दोन दिवस आमच्याशीं बोलली नाहीं. वैश्वदेवानंतर श्वानासाठीं अन्न काढून ठेवण्याचा प्रघात तिनें वडिलांच्या हातून पाहिलेला. तो बळी एका घांसाचा असे, हें सांगून कांहीं उपयोग झाला नसता. अमेरिकेंत ४८ लॅब्राडॉरांवर झालेला एक प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत जोडीदारापेक्षां पाव हिस्सा कमी खाणारीं कुत्रीं सुमारें पावणेदोन वर्षें अधिक जगलीं. हेंहि आम्हीं तिला वाचून दाखविलें. ती ऐकून घेऊन वाती वळीत बसली.

मग एका संध्याकाळीं ती गुडघ्यांस तेल चोळीत असतां मोत्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला, धापा टाकूं लागला आणि परत उतरला. आक्कानें त्याच्या मागच्या पायावरून हात फिरविला. "याचेहि दुखतात का रे?" तिनें विचारलें. आम्ही "होय" म्हणालों. तिनें तेलाची वाटी सरकवून ठेवली आणि विचारलें, "मग द्यायचें तरी काय?"

याचें उत्तर म्हणजे एक स्टीलचा डबा. रोज सकाळीं मोत्याचा दिवसाचा शिधा ग्रॅमच्या कांट्यावर तोलून त्यांत घालावयाचा. ज्यास माया करावीशी वाटेल त्यानें त्या डब्यांतूनच करावी. ३२ किलोच्या कुत्र्याचें शरीर नुसतें पडून राहण्यास दिवसाला सुमारें ९४० उष्मांक खर्चतें. वजन उतरविण्यास पशुवैद्य बहुधा याच आंकड्यापासून आरंभ करतात. तूप लावलेली पोळी सव्वाशें-दीडशें उष्मांकांची. चार पोळ्यांत अर्ध्याहून अधिक दिवस संपतो! वरखाऊ एकदशांशाच्या आंत ठेवावा. आक्काच्या अर्ध्या पोळीच्या जागीं गाजराचा तुकडा किंवा उकडलेली फरसबी आली. चरकसंहितेंत स्थूल मनुष्यास पचावयास जड परंतु पोषणास हलकें अन्न सांगितलें आहे. डॉक्टरीणबाईंनीं दिलेला चोथायुक्त आहार पाहून आम्हांस त्याचें स्मरण झालें. मात्र प्रथिनें कमी करावयाचीं नाहींत. नुसत्या भाजीवर ठेवल्यास चरबीबरोबर स्नायूहि झिजतात. शिऱ्यांतले बेदाणे तर साफ बंद. द्राक्षें व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक असतात, हें आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे.

फिरणें प्रथम दहा मिनिटें, दिवसांतून तीनदां, तेंहि उन्हाआधीं किंवा उन्हानंतर. लठ्ठ कुत्र्यास उष्मा लवकर बाधतो. आठवड्यास शेंकडा एक ते दोन इतकेंच वजन उतरावें, त्याहून घाई नको. दर रविवारीं आमचा पुतण्या मोत्यास उचलून कांट्यावर उभा राही आणि आम्ही पुतण्याचें वजन वजा करून वहींत आंकडा लिहीत असूं. दिवाळीच्या पंधरवड्यांत आंकडा हालला नाहीं. चौकशीअंतीं धाकट्या नातीच्या परकराच्या खिशांत शंकरपाळे सांपडले.

सात महिन्यांनीं, चैत्रांत, मोत्या ३४॥ किलोंवर आला. अजून अडीच किलो उरले आहेत. परवां तो जिन्याच्या सर्व पायऱ्या एका दमांत चढून प्रथमच गच्चीवर गेला आणि तेथें वाळत घातलेल्या कुरडयांपैकीं चार खाऊन आला. आक्कानें त्या चारहि आम्हांस वहींत लिहावयास लावल्या.